पडद्यावरून पुसलेली होडी

तोंडवली, डिसेंबर २००७

प्रिय यतीन,

ओमकार वाचला. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. माझा भाऊ कुडाळच्या दवाखान्यात आहे, बोलतो आहे, आणि मी तुझ्यावर इतकी चिडले आहे की अक्षर धड येत नाही.

तुझ्या चिपचं कौतुक मीच गावभर केलं होतं. पूर्वी मेमरीतला कचरा, म्हणजे नको झालेली माहिती, काढायला प्रोग्रॅम थांबायचा आणि दर्यातल्या होड्या दाखवणाऱ्या किनाऱ्यावरच्या पडद्यावर सगळ्या होड्या गोठायच्या. तू ते काम चिपलाच दिलंस. मेमरीतल्या ज्या वस्तूला कुणी धरून नाही, ती तिथल्या तिथे साफ. प्रत्येक होडी ही अशीच एक वस्तू, आणि तिला धरून ठेवणारा एकच धागा, होडीवरच्या यंत्राचा संदेश. बेंगळुरूत बसून आपल्या दोघांना तो पुरेसा वाटला.

पण इथे मासा लागला की लोक यंत्र बंद करतात. आपली जागा शेजाऱ्याला कशाला दाखवायची? ओमकारनेही तेच केलं. मग पाणी शिरून इंजिन आणि बॅटरी दोन्ही गेली. इकडे संदेश थांबल्यावर चिपने इमानाने त्याची होडी पुसली, शेवटच्या ठिकाणासकट. संध्याकाळी आई म्हणाली, "कोणाक तरी होडी घेवन धाडा." आबांनी पडदा बघितला. "पडद्यार नाय म्हणजे दर्यात नाय. माझ्या चेडवान केलला आसा ता." चेडू म्हणजे लेक, म्हणजे मी. पोरगा मालवणला मासळी उतरवत असेल म्हणून ते जेवायला बसले. दुसऱ्या दुपारी आचऱ्याच्या लोकांना तो सापडला, उलट्या होडीला धरून.

फोनवर तू म्हणालास, आधी चिप मंजूर होऊ दे, दुरुस्ती मागाहून करू. मंजूर झाली की शिरोड्यापर्यंत ही यंत्रं बसतील, आणि तुझं ते मागाहून कधी येतं ते मला ठाऊक आहे. म्हणून चिपच्या मंजुरीसाठी शुक्रवारी जी बैठक आहे तिच्यात मी उभी राहून सगळं सांगणार आहे. तुला ते आधी माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हे पत्र. आपलं माघातलं लग्न मोडायचं असेल तर मोड. मला फार वाईट वाटेल, पण मी बोलणार. आबा ओमकारच्या पायाशी बसून सारखे म्हणतात, "माझ्याच डोळ्यांक दिसूक नाय." होडी पडद्यावर नव्हतीच, हे त्यांना किती सांगितलं तरी पटत नाही.

अजून तरी तुझीच,
रूपाली