शाळेच्या बेसिनात खर्रा थुंकण्याबाबत

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी साहेब,
पंचायत समिती, जि. अमरावती

विषय : सावरढोण शाळेतील ब्रश करण्याच्या बेसिनात थुंकणे बंद करून लेकरांच्या पक्क्या दाढा वाचवण्याबाबत.
संदर्भ : मुख्याध्यापकांना तोंडी सांगून झाले. त्यांचे तोंड भरलेले होते.

महोदय,

अर्जदार जमुनाबाई पुंजाराम काळबांडे, शिक्षण चौथी, सादर करते की, तिची नात रागिणी दुसरीत आहे. शाळेतल्या तपासणीत डॉक्टरीणबाईंना तिची मागची दाढ किडलेली दिसली. अर्जदाराने तिवस्याच्या दवाखान्यात नेऊन ती भरून आणली. तिथे बजावले की, दुपारच्या खिचडीनंतरही ब्रश झालाच पाहिजे, नाहीतर दाढ हातची जाईल.

रागिणी ब्रश घेऊन बेसिनवर गेली. सदर बेसिनात मुख्याध्यापक गोवर्धन सर तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकतात. अर्जदाराने डोळ्यांनी पाहिले. जाळीत सुपारीचा चोथा तुंबलेला, त्यावर तपकिरी पाणी, त्यात तार धरलेली लाळ. माशीसुद्धा बसत नव्हती. पोरीने तिथेच खिचडी ओकली. आता ती ब्रश दप्तराच्या तळाशी लपवते.

सरांना विचारले तर मान वर करून बोलले, कारण खाली केली असती तर सांडले असते. म्हणे, "आजी, काहून एवढ्या तापून राहिल्या? दुधाची दाढ हाये, पडन अन् नवी येईन."

अर्जदार म्हणाली, "मास्तर तुमी का मी? हे दाढ दुधाची पडून नाही आली. सहाव्या वर्षी सगळ्याच्या मांगून आपली आपण निंघाली. पक्की हाये. गेली का गेली!"

सर हसले. त्या हसण्यात त्यांच्या स्वतःच्या दाढा दिसल्या. त्याचे वर्णन सरकारी कागदावर करता येत नाही.

अर्जदाराच्या घरीही खर्रा आहे. मुलगा नितेश खातो. त्याचे ताट अंगणात वाढले जाते. सरांचे काय करावे हे अर्जदार साहेबांना शिकवत नाही, पण अंगण शाळेलाही आहे.

तरी विनंती की, चौकशीचा कागद पाठवू नये. साहेबांनी स्वतः यावे, येताना आपला ब्रश आणावा. जेवण अर्जदार वाढेल. मग आधी सरांनी, नंतर साहेबांनी त्या बेसिनावर वाकून दात घासावे, चूळ भरावी. जमले तर अर्जदार हा अर्ज तिथेच फाडेल. नाही जमले, तर पोर सात वर्षांची आहे, एवढे ध्यानात घ्यावे.

साहेबांसाठी ताट मांडून बसलेली,
जमुनाबाई काळबांडे
मु. सावरढोण
दि. १२ ऑगस्ट २०२५

सोबत : दाढ भरल्याच्या चिठ्ठीची झेरॉक्स