तिसरी आखाजी

चैत्र, सन १९४८

प्रिय छोटी,

हे पत्र फुलवंताबाईच्या हाती देते आहे. ती शहाद्याला बांगड्या भरायला येते तेव्हा तुमच्या घरात पार आतपर्यंत जाते, म्हणून. टपालात टाकलं असतं तर आधी तुझ्या सासऱ्यांनी वाचलं असतं. तिकडे आता तुला सगळे छोटीबाई म्हणत असतील. मीही तसं लिहून पाहिलं, पण मग पुढे काही सुचेना, म्हणून खोडलं. मी कोणाला लिहिलेलं हे पहिलंच पत्र आहे. चुकलं तर हसू नकोस. समोर असतीस तर मी एवढं बोललेच नसते, तुला माहीत आहे.

इकडे सगळे बरे आहेत. मायचा खोकला आहे तसा आहे. मिरचीचं काम संपत आलं. तू लग्न होऊन गेलीस त्या वर्षी तुझ्या वडिलांनी इमान उतरायच्या पट्टीचा अर्धाच भाग मिरचीला घेतला होता. यंदा या टोकापासून त्या टोकापर्यंत लालच लाल आहे. तुझे वडील, आमचे शेठ, म्हणतात, अशी जागा सुरतेपर्यंत नाही. माती लागत नाही, खालून दगड तापतो, चार दिवसांत मिरची वाजायला लागते. आम्ही चाळीस बाया आहोत. सकाळी पायाने सरी पाडत मिरची उलटवायची, दुपारी देठं काढायची. नवीन बाया बोटं जळतात म्हणून रडतात, चुलीची राख लावतात. माझी जळायची. आता जळत नाहीत. परवा भाकरी भाजताना तव्याला बोट चिकटलं, ते मायने ओरडून सांगितलं तेव्हा कळलं.

लढाईतलं बाकीचं सामान कुठे कुठे गेलं ते तुला सांगते. पत्र्याचं ते अर्धगोल छप्पर आहे अजून, त्यात शेठची पोती असतात. डांबराची पिंपं लोकांनी घासून घासून घरी नेली, त्यात गुरांचं पाणी ठेवतात. खांबावर वारा बघायची ती कापडाची लांब बाही होती ना, ती होळ्याकाकाच्या बायकोने काढली आणि नातवाला दोन अंगरखे शिवले. पोरगा लाल-पांढरा फिरतो. होळ्याकाका म्हणतो, "हाऊ मन्हा नातू, याले दखा नि वारा कथा शे ते सांगा." सगळे हसतात. शाळेचे नवे मास्तर संध्याकाळी पट्टीच्या कडेने सायकल शिकतात, आणि रोज त्याच एका जागी पडतात. कडेचे चुना लावलेले दगड आहेत तसेच आहेत. चुना उडाला.

आता बाचं सांगते. बा या आखाजीला, अक्षय तृतीयेच्या दिवशी, पट्टीवर नांगर घालणार आहे.

लढाईत सरकारने घेतलेलं आमचं शेत पट्टीखाली आहे, हे तुला ठाऊक आहे. बाला ते अजून दिसतं. तिसऱ्या चुन्याच्या दगडापासून बुजवलेल्या विहिरीपर्यंत तो पावलं टाकत जातो आणि तिथेच बसून भाकरी खातो, मिरची जराशी बाजूला सारून. त्या शेतातली तूर होती, बारीक, लाल दाण्याची. शेत गेलं त्या वर्षी बाने तिचं शेरभर बी राखलं. तेव्हापासून तो जिथे मजुरीला असेल तिथल्या मालकाला विचारून त्याच्या बांधावर एक ओळ पेरतो, आणि नवं बी पुन्हा बांधून ठेवतो. बी जुनं झालं तर उगवत नाही. आम्ही ती तूर एकदाही शिजवली नाही. मायने एकदा नुसतं म्हटलं, मूठभर घेऊ का, तर बाने गाठोडं उचलून घराच्या छपरात उंच टांगलं.

शाळेचं आठवलं की मला तुझा तांब्या आठवतो. तू वरून पाणी ओतायचीस आणि मी ओंजळ धरायचे, आणि तू मुद्दाम थांबून थांबून ओतायचीस, मी हसावं म्हणून. मास्तरांनी काही विचारलं की मी खाली बघायचे, मग तू माझं उत्तर सांगायचीस. एकदा तू चुकीचं सांगितलंस आणि लगेच उभी राहून म्हणालीस, "हे रमीचं नाही, माझं चुकलं." ते मी विसरले नाही. तिसरी झाली आणि पट्टीचं काम निघालं. सगळं गाव दगड वाहायला गेलं, मी पण गेले. अकरा वर्षांची होते. आमच्याच शेतात आम्ही दगड टाकले. मोहाचं झाड पाडलं, इमान अडेल म्हणून. एवढं करून इमान दोनदा आलं. दुसऱ्यांदा आलं तेव्हा तू शाळेतून पळत आली होतीस आणि तुझी ओढणी उडाली होती. तेव्हा तू चौथीत होतीस. चौथीत काय काय शिकवतात ते तू मला पाटीवर दाखवायला आली होतीस एकदा. माझ्या हाताला गिट्टी लागली होती, मी म्हटलं नंतर बघू.

मिशनच्या बाईंनी मला येशूचं शुभवर्तमान दिलं होतं. ते छापील होतं, बाळबोध अक्षरात. रोज संध्याकाळी मी मायला एक पान वाचून दाखवायचे, त्यामुळे अक्षर टिकलं. आणि गावात झालं की चिंधाची पोर वाचते. तेवढंच झालं.

लढाई संपली आणि पुढच्या हिवाळ्यात कारकून आला. ज्यांच्या जमिनी पट्टीत गेल्या त्या चार घरांना पत्र्याच्या छपराजवळ बोलावलं. त्याने कागद भराभर वाचला, त्याचं मराठी कोणाला कळलं नाही. मग शाईची डबी उघडली. घरी आम्ही आमची बोली बोलतो, पण सायबासमोर बा अहिराणी बोलतो. बा म्हणाला, "थांबा सायेब. मन्ही पोर वाचस. पह्यले ती वाची, मंग आंगठा." असा ताठ उभा होता, मी त्याला तसा कधी बघितला नव्हता. कारकून हसला आणि कागद माझ्या हातात दिला.

छोटी, तो मोडीत होता.

मोडी चौथीत शिकवतात. एका रेघेखाली सगळी अक्षरं एकात एक अडकलेली, वेलीवरच्या शेंगांसारखी. एकही अक्षर मला सुटलं नाही. मी कागदाकडे बघत राहिले. चार घरांतली माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. होळ्याकाकाने विचारलं, "जमीन वापस भेटी का वं?" मी मान हलवली. "कव्हय?" कागदाच्या मधोमध मला एक आकडा दिसला. आकडे मला येत होते. मी म्हटलं, "तीन वरीस." बस, एवढंच बोलले. येत नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं, बाच्या देखत. मान हलवायला काही लागलं नाही. कारकून माझ्याकडे बघत होता. त्याला कळलं असेल. त्याने डबी पुढे केली. आधी बाचा आंगठा झाला, मग बाकीच्यांचा. परत येताना बाने मला खांद्यावरचं फडकं दिलं, ऊन आहे म्हणून.

त्यानंतर मी शुभवर्तमान वाचून दाखवणं बंद केलं. मायला सांगितलं, डोळे दुखतात.

बाने आखाज्या मोजल्या. सालदाराचं साल आखाजीला सुरू होतं, तसं शेतही आखाजीलाच परत मिळणार असं त्याने धरलं. एक झाली, दुसरी झाली. ही तिसरी. बाकीच्या तीन घरांपैकी दोन कामासाठी गुजरातेत निघून गेली, आखाजीला येऊ म्हणून सांगून. होळ्याकाका आहे, तो चेष्टा करतो. "चिंधा, बैल कशाले जुपस रे, इमान जुप ना!" पण त्यानेही नांगराचा फाळ लोहाराकडून शेवटून, धार काढून आणला. मी बघितलं.

आठ दिवसांमागे बा तुझ्या वडिलांकडे गेला. मी तिथेच देठं काढत होते. बा म्हणाला, "शेठ, आखाजीपावत मिरची उचली ल्या. मले नांगर धराना शे." शेठ रागावले नाहीत, तुला म्हणून सांगते. म्हणाले, "येडा झाया का चिंधा? जागा सरकारनी शे. मी सरकारपाईन लेयेल शे." बा म्हणाला, "मन्ही पोरनी कागद वाचेल शे." शेठनी माझ्याकडे बघितलं. मी देठं काढत राहिले. ते म्हणाले, "मंग आण कागद, मी वाचस." बा म्हणाला, "आखाजीले आणसू. रमी वाची, सगळासमोर." आणि तो निघून गेला. मागून शेठ मला म्हणाले, "बेटा, बापले समजाड." मी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मी लुगड्याचा पदर सावरेपर्यंत ते थांबले, मग गेले.

आता घरी सगळी तयारी आहे. बीचं गाठोडं छपरातून खाली काढलं आहे. बाने दगड फोडायला पहार मागून आणली आहे. म्हणतो, वरचा थर निघाला की खाली आपली काळी माती तशीच असणार, तिला काय झालंय. बैल एक होळ्याकाकाचा आणि एक आमचा. बा दोनदा विचारून गेला, आखाजीला कुठलं लुगडं नेसशील, सगळ्यांसमोर वाचायचं आहे. मी सांगितलं, हिरवं. मला भीती वाटायला पाहिजे. वाटत नाही. मी मिरची उलटवते, घरी येते, भाकरी करते. मध्ये एकदा वाटलं, पहारीने दगड निघतच नसेल, तर बरं. मग वाटलं, निघाला तर निघाला. इतकंच.

आता कशासाठी लिहिलं ते सांगते. तो कागद बा लष्कराच्या पत्र्याच्या डबीत ठेवतो, डबी आढ्याला टांगलेली असते. तो कागद मी काढला आणि या पत्राच्या घडीत घातला आहे. डबीत त्याच मापाचं माझ्या तिसरीच्या वहीचं पान दुमडून ठेवलंय. बाला वरून फरक कळत नाही. तुला मोडी येते. कागदात तुझ्या वडिलांचं नाव असेल किंवा नसेल, मला माहीत नाही. असलं तरी जसं आहे तसं वाच, आणि बाळबोध अक्षरात उतरवून दे, सुटी सुटी अक्षरं काढ, मला वाचता येतील अशी. आखाजीला तू माहेरी येशीलच, पण त्या दिवशी उशीर होईल. आधी फुलवंताबाईबरोबर पाठव. तू लिहिशील ते मी बासमोर वाचीन, होळ्याकाकासमोर पण. त्यांनी पट्टीवर नांगर आणायच्या आधी. आणि सगळं उतरवायला वेळ नसेल, घरात कामं असतील, तर एवढं तरी बघ. कागदाच्या मधोमध तीनचा आकडा आहे. तो कशाचा तीन आहे, ते लिही. आमचं शेत तीन एकर होतं. हे मला आंगठे झाल्यावर, घरी जाताना वाटेत आठवलं.

तुझीच,
रमी