मुकी टॅक्सी

ता. ३ मार्च

चि. बाळीस, अ. उ. आ.

तुझ्या हट्टापायी अनुदान मिळवून इलेक्ट्रिक टॅक्सी घेतली एकदाची. अटीप्रमाणे जुनी डिझेलची भंगारात दिली. ती चेपताना मला बघवलं नाही. नवी गुणी आहे, पण मुकी. माझं गुणगुणणं आता मलाच ऐकू येतं आणि तुझी आई का वैतागते ते कळतं.

स्टँडवर मात्र सगळ्यांची तोंडं वाकडी. म्हणतात, आमच्या करावर मिरवतोय, सरकारचा जावई! एकटे स्टँडवरचे काका नीट बोलतात. तुला आठवत असेल, डोळे गेल्यापासून ते इंजिनाच्या आवाजावरून गाडी ओळखून नंबर पुकारतात. शेजारी शाळा, म्हणून हॉर्नला बंदी. परवा म्हणाले, तू कधी येतोस तेच कळत नाही रे. मी हसण्यावारी नेलं.

लोभ आहेच, पत्र तेवढं लवकर धाड.
तुझे बाबा

ता. ९ मार्च

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

जावईबापू, मानपान नीट होतोय ना? लोकांचं मनावर घेऊ नका. उद्या तेच अनुदानासाठी रांग लावतील. काकांनाही होईल हळूहळू सवय.

आईला नमस्कार. माया असू द्यावी.
आपली बाळी

ता. १४ मार्च

चि. बाळीस, आ.

सवय व्हायच्या आधीच घात झाला. मी गाडी मागे घेत होतो. आवाज नाही म्हणून जागा मोकळी समजून काका पुढे आले. त्यांचा पाय मोडला. मीच त्यांना मागच्या सीटवर घालून दवाखान्यात नेलं.

गाडी दारात उभी आहे. स्टँडवाले म्हणतात, काका परत आले की तेच ठरवतील. त्यांनी नको म्हटलं तर स्टँड बंद, आणि जुनी गाडी तर उरलीच नाही. या वयात दुसरं काय करू?

बाबा

ता. १९ मार्च

ती. बाबांस, सा. न.

सवय होईल असं मी किती सहज लिहून गेले! हट्ट माझा आणि भोगताय तुम्ही नि काका. रजा मिळताच येते. काकांना भेटत राहा, ते रागावले तरी.

बाळी

ता. २८ एप्रिल

चि. बाळीस, अ. उ. आ.

काल काका कुबडी टेकत स्टँडवर आले. सगळे गोळा झाले. मला वाटलं, संपलं. काका म्हणाले, इतकी वर्षं याचं इंजिनच ऐकलं, दवाखान्यात जाताना पहिल्यांदा हा ऐकू आला. भीतीने सगळी वाट गुणगुणत होता, तेही बेसूर. गाडी राहू दे, पण याने स्टँडमध्ये गातच शिरायचं.

मी कधी चारचौघांत गायलो नाही, तुला ठाऊक आहे. रात्री जरा तालीम करू म्हटलं तर आईने घरात बंदी घातली. आज सकाळी काच खाली केली आणि भसाड्या आवाजात गाणं सुरू केलं. कुणी हसलं नाही. काकांनी मान वळवली, कुबडी सावरून दोन पावलं मागे सरकले आणि माझा नंबर पुकारला. मला पुढचं काही दिसेना, गाडी तिथेच थांबवली.

रजा मिळाली की ये. तोवर लोभ आहे तसाच राहू दे.
तुझे बाबा