हाक मारायची राहिली

ग्वातेमाला शहर,
१८ एप्रिल १९९९

ती. मतील्देताईस,
क्रिसांतोचा सा. न. वि. वि.

आम्ही पोचलो. आईने पाय बांधून दिलेला कोंबडा नीदियाने शेजाऱ्यांना देऊन टाकला, तिला स्वयंपाकघरात जिवंत पक्षी चालत नाही. हे आईला सांगू नकोस.

दुसरी गोष्ट तर मुळीच सांगू नकोस. तुमचा निरोप घेऊन निघालो ते थेट फाट्यावर न जाता नीदियाला पूर्वजांचं जुनं, ओसाड शहर दाखवायला थांबलो. तिथे मोठ्या देवळाच्या पायरीवरून असुसेना घसरली. गुडघा फुटला, पण रडली नाही. बस चुकेल म्हणून मी तिला उचललं आणि धावत सुटलो. तेव्हापासून पोरगी बोललेली नाही. एक अक्षर नाही.

दोन डॉक्टर झाले. एक म्हणतो घसा ठीक आहे, दुसरा म्हणतो कान ठीक आहेत. शाळेतल्या बाई म्हणतात, घरात काही भांडणं आहेत का. आता होत आहेत, आधी नव्हती. पाच वर्षांची पोर, जिला गप्प बस म्हणता म्हणता माझं तोंड दुखायचं, ती आता खिडकीत बसून असते. ताई, मला भीती वाटते.

बाकी ठीक. तुझा राग मला परवडतो, अबोला नाही. तेव्हा लगेच लिही.

तुझा,
क्रिसांतो


सेचिनाम, पेतेन,
२७ एप्रिल १९९९

चि. क्रिसांतो यास,
मतील्देचे अ. आ.

तुझं पत्र मी आईसमोरच फोडलं. तिला अक्षर वाचता येत नसलं तरी माझा चेहरा वाचता येतो. 'सांगू नकोस' या ओळीपर्यंत पोचेस्तोवर तिला सगळं सांगून झालं होतं, कोंबड्यासकट. कोंबड्याचंच जास्त लागलं असं ती म्हणते, पण सकाळपासून तिने भाकरीचा तुकडा तोंडात घातलेला नाही.

आता मला एवढंच सांग. पोर पडली तिथे तू तिला हाक मारलीस का? जमीन थोपटलीस? ऊठ, चल, मागे राहू नकोस, असं म्हणालास? नाही ना? बस चुकेल म्हणून देह उचललास आणि जीव तिथेच ठेवून आलास! अरे, ओढ्यावरून परतताना आई आपल्या एकेकाचं नाव घेऊन हाक मारायची, ती काय तिला हौस होती? इथे वासरू घसरलं तरी बायका त्याला बोलावून घेतात. तुला पोटच्या पोरीची हाक सुचली नाही. फरश्या विकून विकून तुझ्या डोक्यातही फरशीच बसली आहे.

त्या दिवशीचा तिचा फ्रॉक पाठव. बसवाल्याकडे दे, तो फाट्यावरच्या दुकानात टाकेल. आई म्हणते, मी जाते आणि घेऊन येते. उशीर करू नकोस. जीव जितका राहील तितका तिथला होऊन जातो.

पोरीच्या डोक्यावरून माझा हात फिरव. तुझ्यावरही लोभ आहे, फक्त सध्या तो शोधावा लागतो आहे.

तुझी ताई,
मतील्दे


ग्वातेमाला शहर,
६ मे १९९९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फ्रॉक पाठवला आहे. नीदियाला कारण सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मी लग्न फरश्या विकणाऱ्याशी केलं होतं असं मला वाटत होतं. तरी फ्रॉक तिनेच घडी करून दिला.

पोरीत फरक नाही. तिसऱ्या डॉक्टरने टॉनिक दिलं आहे, ते ती मुकाट्याने पिते. पूर्वी औषध म्हटलं की घर डोक्यावर घ्यायची. ते मुकाट्याने पिणंच मला बघवत नाही. आईला म्हणावं, उन्हात फार बसू नकोस.

माया असू दे, शिव्या असल्या तरी चालतील.

क्रिसांतो


सेचिनाम,
१६ मे १९९९

चि. क्रिसांतो यास,
अ. आ.

फ्रॉक मिळाला. धुतलेला! खळ घातलेला! इस्त्री केलेला! तुझी बायको आहे की लाँड्री? आईने तो नाकाशी धरला आणि म्हणाली, यात पोर कुठे आहे, यात तर साबण आहे. घामाचा, मातीचा, अंगावरचा कपडा लागतो हे तुला ठाऊक नव्हतं? तू तिला सांगितलं नसशील. तिला सांगायच्या गोष्टी तू नेहमी गिळून टाकतोस आणि मग आम्ही तिला नावं ठेवतो.

तरी आई गेली. मीही गेले. धूप, मेणबत्ती, सगळं घेतलं. रखवालदार लेंचो तिऊल आडवा आला, म्हणाला, दगडांवर काही आपटायला बंदी आहे, नियम आहे. मग म्हणाला, मला जरा पलीकडे लक्ष ठेवायचं आहे, आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याने स्वतःचा धाकटा तिथूनच बोलावून नेला होता, तो काय आडवा येणार! आईने त्या इस्त्रीच्या फ्रॉकने पायरी झोडपली आणि घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. परदेशी पाहुण्यांनी तिचे फोटो काढले. ते मी कसं सहन केलं ते माझं मला ठाऊक.

रिकाम्या हाताने परत आलो. आई दारात बसली आणि म्हणाली, ती माझा आवाज ओळखत नाही. ओळखणार तरी कशी? सणाला येता, पोर तुमच्या भाषेत बोलते, मी माझ्या. आम्ही एकमेकींकडे बघून हसतो आणि तुम्ही निघून जाता. हे ती रडून म्हणाली नाही, म्हणून मला जास्त लागलं.

तेव्हा आता तूच ये. पोरीला घेऊन ये. बापाचा आवाज तरी तिच्या ओळखीचा असेल.

वाट बघते. माया आटलेली नाही, धीर आटला आहे.

मतील्दे


ग्वातेमाला शहर,
२९ मे १९९९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मालकाने तोंड वाकडं करून रजा दिली. शुक्रवारी रात्री पोचतो, शनिवारी तिथे जाऊ, रविवारी परत. आधीच सांगून ठेवतो, माझा यावर विश्वास आहे असं नाही आणि नाही असंही नाही. नीदियाचा अजिबात नाही, तरी तीही येते आहे आणि सामान तिनेच बांधून ठेवलं आहे. आईला म्हणावं, रस्सा तिखट कर, बाकी काही नको.

भेटीअंती बोलूच. तोवर जरा शांत राहा.

क्रिसांतो


सेचिनाम,
७ जून १९९९

क्रिसांतो,
आशीर्वाद आहेत, घे.

शनिवारी तू त्या पायरीशी जे केलंस त्याला हाक म्हणतात? गिऱ्हाइकाच्या कानात फरशीचा भाव सांगावा तसा पुटपुटलास. तेही स्पॅनिशमध्ये! का, तर शाळेची सहल आली होती आणि मास्तर बघत होते. मास्तर! तुझी पोर मुकी बसली आहे आणि तुला मास्तर काय म्हणतील याची काळजी! आई ओठ आवळून गप्प बसली होती, कारण एकाच्या हाकेत दुसऱ्याने आवाज मिसळायचा नसतो. नाहीतर तिने तुला तिथेच फोडून काढलं असतं. घरी आल्यावर तू म्हणालास, बघितलंत, काही होत नाही. व्हावं असं तू काय केलंस?

काल निघताना मी असुसेनेला उचललं. लाकडाचा ओंडका यावा तशी ती माझ्या हातात आली. तुला शिव्या देते, कारण तुला देता येतात. त्या पोरीच्या डोळ्यांत बघून माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. आता ती अशीच राहणार असं मला वाटायला लागलं आहे, आणि हे मी आईला बोलू शकत नाही.

पत्राचं उत्तर द्यायचं तर दे. लोभ बिभ काय असेल तो तुझ्या मनाने ठरव.

मतील्दे


ग्वातेमाला शहर,
१३ जून १९९९

ती. वन्संना,
नीदियाचा सा. न. वि. वि.

मी तुम्हाला पहिल्यांदाच लिहिते आहे. तुमचं पत्र काल आलं. ह्यांनी वाचलं, पण उत्तर मी देते, कारण ह्यांचा आवाज बसला आहे. कसा बसला ते ऐका.

रविवारी फाट्यावर राजधानीची गाडी आली. हे चढले, मी चढले नाही. म्हटलं, तुमच्या लोकांचं मला काही कळत नाही, पण अर्धवट टाकलेलं काम कळतं. मी हे सगळं मानत नाही आणि कामं सोडून एवढ्या लांब आले. तुम्ही मानता आणि कुजबुजता! हे खाली उतरले, गाडी निघून गेली. भाजीच्या टेम्पोतून आम्ही उलटे जुन्या शहरात गेलो. घरी आलो नाही, कारण ह्यांना तुमच्या तोंडाची भीती वाटत होती. मलाही.

रविवार, त्यामुळे गर्दी शनिवारपेक्षा जास्त. ह्यांची पहिली हाक तशीच. मी म्हटलं, मला ऐकू आली नाही. दुसरी जरा बरी. मग काय झालं कोण जाणे, हे गुडघ्यावर बसले, तळहातांनी पायरी बडवायला लागले आणि तुमच्या भाषेत ओरडले, कीम, असुसेना, कीम! 'कीम' म्हणजे 'ये' एवढं मला समजतं. ओरडता ओरडता रडत होते, वन्सं. नाक पुसत होते आणि ओरडत होते. सगळे लोक जागच्या जागी थांबले. असुसेनेने माझा हात सोडला, जाऊन ह्यांचा शर्ट ओढला आणि म्हणाली, बाबा, ओरडतोस कशाला, मी इथेच आहे ना.

मी तिला उचलून घेतलं. पण हे थांबेनात. वाटेत हाक तुटली तर जीव मध्येच अडतो म्हणे. मग पुढच्या बसमध्ये प्रत्येक पुलाशी, प्रत्येक चौकात ह्यांची हाक, आणि पोरीचं उत्तर, येतेय! ड्रायव्हर वैतागला. पुढच्या बाईने आधी कानात बोटं घातली. पण एकदा ह्यांना डुलकी लागली तेव्हा तिनेच मागे वळून ह्यांना उठवलं, अहो, पूल आला.

घरी पोचलो तेव्हा ह्यांच्या तोंडून नुसती हवा येत होती. उंबऱ्यातली हाक राहिली. हे हातवारे करत होते, आणि पोरगी बाहेर पायरीवर वाट बघत उभी, आत येईना. म्हणून शेवटची हाक मी मारली. कीम, असुसेना, कीम. शेजाऱ्यांनी खिडक्या उघडल्या. पोरगी खळखळून हसली आणि म्हणाली, आई, अशी नाही, आजी त्या पायरीवर मारत होती तशी मार.

वन्सं, सासूबाई तिथे हाका मारत होत्या त्या दिवशी असुसेना इथे शहरात होती, ह्या खिडकीत. मी पुष्कळ विचार केला आणि मग सोडून दिला. सासूबाईंसारखी हाक मारायला मला नीट शिकवा, पुढच्या महिन्यात येतो आहोत. आणि पोरीने आजीची हाक ओळखली एवढा भाग त्यांना मोठ्याने, दोनदा वाचून दाखवा.

तुमची माया आजवर ह्यांच्यामार्फत मिळाली, आता थेट पाठवत जा.

आपली,
नीदिया