एकरकमी मौजेबद्दल माझे अंतिम मत

तीर्थरूप ताईस,

मधल्या, तरीही घरात सर्वाधिक शिकलेल्या बहिणीचा रीतसर नमस्कार. तुझा डावा गुडघा, शस्त्रक्रिया झालेला उजवा डोळा आणि गच्चीवरची टोमॅटोची रोपे या तिन्हींची प्रकृती उत्तम आहे असे गृहीत धरते. (गृहीत धरणे माझ्या स्वभावात बसत नाही, हे तू जाणतेस, परंतु हल्ली तू काही कळवतच नाहीस, तेव्हा इलाज नाही.) विषयाकडे वळण्यापूर्वी वस्तुस्थिती क्रमवार मांडते.

एक. गेल्या वर्षी तुला साठ वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त आपण तिघी बहिणींनी समुद्राकाठच्या एका रिसॉर्टवर चार दिवस जावे, अशी इच्छा तू व्यक्त केलीस. तेथे एकदाच रक्कम भरली की खोली, खाणे, पिणे, पोहणे, खेळणे सर्व काही त्यातच येते.

दोन. त्यावर मी नऊ पानांचा अभिप्राय लिहून समस्त नातेवाइकांना पाठवला. सारांश असा, की सर्वांना सारखीच रक्कम लावणे म्हणजे कमी खाणाऱ्याने जास्त खाणाऱ्याचे बिल भरणे होय, आणि अशा ठिकाणी विचार करणारा मनुष्य जाणार नाही.

तीन. तू बेत रद्द केलास. साठावा वाढदिवस घरीच झाला. केक मी आणला होता. तो छापील वजनापेक्षा साठ ग्रॅमने कमी भरला, हे मी तो कापण्यापूर्वी सर्वांना सांगितले. (सांगणे आवश्यकच होते. कदाचित कापल्यानंतर सांगता आले असते.)

चार. तेव्हापासून तू धाकटीला दर रविवारी तासभर फोन करतेस आणि मला महिन्यातून एकदा. माझ्या वाट्याचा सरासरी वेळ दोन मिनिटे चाळीस सेकंद आहे. घड्याळ माझे असल्यामुळे आकड्याबद्दल शंका नसावी.

पाच. गेल्या आठवड्यात सोमवार ते गुरुवार मी आणि हे त्याच रिसॉर्टवर जाऊन आलो. घरात ही गोष्ट कोणालाही ठाऊक नाही.

आता तुझ्या भुवया वर गेल्या असतील, त्या खाली घे. आम्ही मौजेसाठी गेलो नव्हतो. तुझे निष्कर्ष निव्वळ तर्कावर आधारलेले आहेत, प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय बोलतेस, असा टोमणा धाकटीने मला दोनदा मारला होता. ज्या बाईने तराजूच्या धारेवरील घर्षणावर साडेपाच वर्षे संशोधन करून डॉक्टरेट मिळवली आणि जिच्या प्रयोगशाळेत आज इतरांचे तराजू तपासले जातात, तिला हे कोणी ऐकवावे हे मला रुचले नाही. म्हणून मी खिशात मावणारा वजनकाटा, थांबघड्याळ आणि दोनशे पानी वही घेऊन निघाले. जास्त खाणारा म्हणून ह्यांची नेमणूक केली आणि कमी खाणारी मी स्वतः. एकतीस वर्षांच्या संसारात मी सोपवलेले एकही काम ह्यांनी इतक्या तत्परतेने हाती घेतल्याचे मला आठवत नाही. गाडीतून उतरण्यापूर्वीच ह्यांनी पट्टा दोन भोके सैल केला.

प्रवेशद्वाराशी बसलेल्या मुलीने आमच्या मनगटावर नारिंगी रंगाचे पट्टे बांधायला घेतले. पट्टा दिसला की काहीही मागावे, पैसे विचारायचे नाहीत, आणि चार दिवस तो काढायचा नाही, असा तेथला नियम. मी सांगितले, की अशी पट्टी मला शेवटची प्रसूतिगृहात बांधली होती आणि तेव्हा माझे मत कोणी विचारले नव्हते. अखेर तो पट्टा मी छत्रीच्या दांड्याला बांधून घेतला. पुढील सर्व अनर्थाचे मूळ येथेच आहे, हे नोंदवून ठेव.

खोलीबद्दल थोडक्यात. पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवला होता. त्याची मान डावीकडे झुकलेली होती, म्हणून मी तो सोडला आणि पुन्हा बांधला. दुसऱ्या दिवशी खोली आवरणाऱ्या बाईंनी माझा हंस सोडून स्वतःचा बांधला. तिसऱ्या दिवशी आम्हा दोघींत त्या मानेवरून वीस मिनिटे चर्चा झाली आणि शेवटी त्या म्हणाल्या, “बाई, तो पक्षी आहे. बघेल की कुठंही.” इतका बिनतोड मुद्दा माझ्या प्रबंधाच्या तोंडी परीक्षेतही कोणी मांडला नव्हता.

जेवणाच्या दालनात मी कलिंगडाची फोड काट्यावर ठेवली तेव्हा ऑम्लेट करणाऱ्या आचाऱ्याने विचारले, “मॅडम, डाएट?” मी म्हटले, “नाही, तपासणी.” त्यानंतर आमच्या टेबलावर येणारे प्रत्येक ऑम्लेट उशीएवढे येऊ लागले आणि नोंदी पहिल्याच सकाळी दूषित झाल्या. हे मात्र अत्यंत निष्ठेने खात होते. दर घासाआधी माझ्याकडे पाहून ‘लिहिलंस का’ अशी खूण करीत, आणि मी मान हलवली की गिळीत.

आता मुख्य प्रसंग. पोहण्याच्या तलावाकाठच्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते : जलव्यायाम, सकाळी दहा. मी नऊ अठ्ठावन्नला पांढरी टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा, गळ्यात थांबघड्याळ आणि हातात वही अशा थाटात काठावर उभी राहिले. दहा वाजले. कमरेइतक्या पाण्यात चौदा माणसे उभी होती आणि शिक्षकाचा पत्ता नव्हता. दहा वाजून चार मिनिटांनी मला ते पाहवेना. फळ्यावर दहा लिहिले असताना चौदा प्रौढ माणसांनी पाण्यात नुसते उभे राहणे, ही कोणत्याही मापाने असह्य गोष्ट आहे. मी म्हटले, “उजवा हात वर.” ताई, चौदाच्या चौदा उजवे हात वर गेले. (प्रयोगशाळेत माझ्या हाताखाली नऊ माणसे आहेत. असे दृश्य मी बावीस वर्षांत पाहिलेले नाही.)

माझ्या मनगटावर पट्टा नसल्यामुळे मी पाहुणी आहे हे त्यांना कळण्याचा मार्गच नव्हता. पुढच्या पंचवीस मिनिटांत मी कोपरांचे कोन सुधारले, गुडघ्यांची उंची एकसारखी केली आणि सिमेंटच्या एका अवाढव्य व्यापाऱ्याला डावे-उजवे शिकवले. दरम्यान दहा वाजून अकरा मिनिटांनी खरे शिक्षक आले. मिशीवाले, पन्नाशीचे गृहस्थ. मी त्यांना विलंबाचे कारण विचारले. ते माझ्या गळ्यातल्या घड्याळाकडे पाहून म्हणाले, “आजपासून तुम्ही आहात होय? मला कोणी सांगितलंच नाही.” मग ते इतक्या मोकळ्या चेहऱ्याने नाश्त्याला निघून गेले, की त्यांना परत बोलावणे मला क्रूरपणाचे वाटले.

मंगळवारी एकतीस माणसे आली. बुधवारी चोपन्न, त्यांत फुलाफुलांची टोपी घातलेल्या एक निवृत्त न्यायाधीशबाई होत्या. त्या शेजारणीला “मध्ये बोलू नका, मॅडम मोजतायत” असे दटावत होत्या. त्याच दिवशी मी सिमेंटवाल्यांची गिरकी तपासण्यासाठी पुढे वाकले, त्यांनी प्रथमच बिनचूक गिरकी घेतली, त्यातून उठलेली लाट माझ्यावर आली आणि मी छत्री, घड्याळ, वहीसह पाण्यात गेले. वर आले तेव्हा चोपन्न माणसे पुढच्या आज्ञेची वाट पाहत उभी होती. ते पाहून मला हसू फुटले, ताई. साधे हसू नव्हे. लहानपणी शाळेच्या प्रार्थनेत तू मला चिमटा काढायचीस तेव्हा यायचे तसले, उचकी लागेपर्यंतचे. मग ते चोपन्न जण हसले. न्यायाधीशबाईंची टोपी वाहून गेली.

हे तेव्हा पलीकडे आरामखुर्चीत अकरावे आइसक्रीम खात होते. ह्यांनी शेजाऱ्याला विचारले, “कोण हो त्या बाई?” शेजारी म्हणाला, “व्यायामाच्या मॅडम. फार कडक आहेत, पण हसतात छान.” हे उठून उभे राहिले, नीट निरखून पाहिले आणि म्हणाले, “अहो, ही तर आमची.” खोलीवर आल्यावर हे मला म्हणाले, की बऱ्याच वर्षांत तो हसण्याचा आवाज ऐकला नव्हता, म्हणून ओळखायला वेळ लागला. मी त्यांना टॉवेल आणायला पाठवले.

अंतिम मत येणेप्रमाणे. नोंदवही भिजली, दोनशे पानांत आता फक्त ‘ऑम्लेट’ हा शब्द वाचता येतो. तरीही मी माझ्या नऊ पानांवर ठाम आहे. रक्कम अवाजवी आहे, सूप कोमट आहे आणि कमी खाणाऱ्यावर तेथे अन्यायच होतो. एवढी एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे, की एकदा पैसे भरून टाकल्यावर चार दिवसांत ‘कशाला’ हा शब्द माझ्या तोंडून एकदाही निघाला नाही. ह्यांनी तो मोजला. एरवी दिवसाला सरासरी चाळीस वेळा निघतो म्हणतात. हे त्यांचे माप आहे, मी पडताळलेले नाही. त्याची किंमत रकान्यात कोठे भरावी हे मला अद्याप ठरवता आलेले नाही; सबब निष्कर्ष : अशी सहल परवडण्याजोगी नाही.

तुझी आज्ञाधारक (तू आज्ञा करीत नाहीस, हा भाग वेगळा),
मधली

ता. क. : पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारपासून तीन पलंगांची एक खोली आपल्या तिघींच्या नावाने मी घेतली आहे. समुद्र दिसतो. रक्कम परत मिळत नाही, हे मी विचारून घेतले आणि मगच भरली. ह्यांना नेणार नाही. हे रुसले आहेत.

आणखी ता. क. : नऊ पाने सर्वांना वाटून बसल्यामुळे आता मी आपणहोऊन जाते म्हटले तर धाकटी मला जन्मभर जगू देणार नाही. यास्तव तू मला एक पत्र पाठवावेस. ‘मी मोठी आहे, तू आलेच पाहिजेस, तुझे मत तुझ्यापाशी ठेव,’ असा आशय असावा आणि भाषा शक्य तितकी कठोर असावी. ते मी नाइलाजाने मान्य करीन आणि सर्वांना दाखवीन. ती नऊ पाने मी लिहायला नको होती, हे मात्र कोणाला दाखवू नकोस. ते फक्त तुला लिहिले आहे.

शेवटचे : उत्तर लेखीच हवे. फोन स्वीकारला जाणार नाही. मजकूर अपुरा पडला तर खुशाल शिव्या घाल, परंतु पान दोन्ही बाजूंनी भरलेले असावे.