कोपराच्या मापाचा ओटा

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

म्हस्कू मिस्त्रीनं आज माझं कोपर मोजलं! स्वयंपाकघराच्या नव्या ओट्यासाठी! भिंतीला पाठ लावून उभं केलं, हात वाकवायला लावला, टेप जमिनीपर्यंत सोडली आणि म्हणाला, "आबा, तुमच्या मापानं ओटा चांगलाच उंच व्हनार."

म्हटलं, "अरे, स्वयंपाक सूनबाई करते. माझं काय मोजतोस?"

"वहिनीच म्हणल्या, आबांचं माप घ्या."

प्रतिभा आत कणीक मळत होती. हाक मारून विचारलं तर, "घ्या वो मिस्त्री, बरोबर हाय," एवढंच. ती माझ्या खांद्याला लागते. या ओट्यावर पोळी लाटायची तर तिला पाटावर उभं राहावं लागेल. आणि मी? मी आजवर चहासुद्धा केलेला नाही. माझी म्हाळसा होती तोवर ती करायची, ती गेल्यावर प्रतिभा. मी एसटीत कंडक्टर होतो, मला घंटी मारायला येते!

संध्याकाळी हनुमंत कंपनीतून आल्यावर त्याला विचारलं. लेक माझा, पण तोंडात कायम मिठाची गुळणी. "तिचं ती बघंल," म्हणाला.

शनिवार, ८ फेब्रुवारी

उद्या ओट्याचा दगड बघायला जायचंय. मीही यायचंच म्हणे. मला दगडातलं काय कळतं?

रविवार, ९ फेब्रुवारी

वरवंडला जाऊन आलो. अंग आंबलंय, पण लिहून ठेवतो, कारण मला काही उमजलेलं नाही.

हनुमंत गाडी चालवायला, मी पुढं, प्रतिभा मागं. म्हटलं, "तू बस की पुढं." "न्हाई आबा, तुमचं पाय अवघडत्यात." पारगावचा पूल येईपर्यंत गाडीत आवाज नाही. मग मागून प्रतिभा, "आबा, त्यांना म्हणावं डिझेल आत्ताच भरा. येताना गर्दी असती."

हनुमंत शेजारीच बसलेला! ऐकू आलंच असणार. तरी मी सांगितलं. तो म्हणाला, "भरतो म्हणावं." तेही मी मागं पोचवलं.

खरं सांगायचं तर बरं वाटलं. आमच्या वेळी हीच रीत होती. माझ्या वडिलांसमोर मी आणि म्हाळसा एकमेकांशी चकार शब्द बोलायचो नाही. भाकरी हवी तरी, "आई, वाढायला सांगा." हल्ली कोण पाळतं? आमच्या शेजारच्या गेणबाची सून तर चारचौघांत नवऱ्याला 'ए' म्हणते. आमची दोघं अजून मान ठेवतात. गेणबाला ऐकवलं पाहिजे!

हायवेच्या कडेला दुकान. वाघरीच्या जाळीत मेंढरं दाटीनं उभी असतात तसे दगड उभे. शेठ राजस्थानचा, पण मराठी फाडफाड. "काका, हा चमकीचा काळा न्या. सगळे हाच नेतात." हनुमंतनं हात फिरवला. "बरा हाय. आबा, तिला विचारा."

विचारलं. प्रतिभानं पर्समधून पुडी काढली — मोहरी! घरून आणलेली! काळ्या दगडावर टाकली आणि मला म्हणाली, "आबा, दिसती का?"

माझ्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा राहिलाय. म्हटलं, "काळ्यावर काळं काय दिसायचं, कपाळ?"

"मग हा नको."

मग तपकिरी. त्यावरही मोहरी हरवली. शेवटी एक करडा निघाला, बारीक ठिपक्यांचा. त्यावर दाणा न् दाणा दिसला. तिनं मग हळद ओली करून थापली, वाट बघितली, पुसली. डाग नाही. शेठ म्हणाला, "ताई, असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय." हनुमंत माझ्या कानाशी, "आबा, तिला म्हणावं, चेष्टा व्हतीय आपली." मी प्रतिभाकडं गेलो. ती म्हणाली, "त्यांना म्हणावं, जो वापरणार त्याला दिसाय पायजे." मी परत हनुमंतकडं. शिरूर-दौंड, दौंड-शिरूर! पाय दुखले, पण ऐट होती. माझ्या शब्दाशिवाय पान हलत नव्हतं.

निघताना तिनं शेठला बजावलं, "कडा गोल करा. आबांचा हात लागंल."

म्हटलं, "पोरी, माझा हात तिथं कशाला येतोय?"

ती म्हणाली, "ऊन लागतंय आबा, गाडीत बसू," आणि तोंड वळवलं.

येताना चौफुल्याला उसाचा रस प्यालो. मी आणि हनुमंत. ती उतरलीच नाही, तिचा ग्लास मी गाडीत नेऊन दिला.

सोमवार, १० फेब्रुवारी

करडा दगड ठरला. कुणी ठरवला? मी, म्हणे!

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज प्रतिभानं मला कुकर लावायला शिकवला. काल चहा. परवा गॅस. म्हटलं, "म्हातारपणी हे काय काढलंस?" तर, "येत असल्यालं बरं, आबा." शिट्ट्या मोजता मोजता एकदम डोक्यात उजेड पडला.

ही दोघं चालली! हनुमंतची बदली झाली असणार. मला इथं न्हावऱ्यात एकट्याला ठेवून जाणार. म्हणून माझं कोपर, माझा डोळा, माझा हात! आणि मी खुळा, मान देतात म्हणून हरभऱ्याच्या झाडावर चढून बसलो.

राग आला. भात उतरवताना रडूही आलं. वाफेचं निमित्त केलं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

हनुमंतला सरळच विचारलं. "तुम्ही दोघं कुठं निघालाय का रे?"

"मी? मी कुठं जातोय?"

बिनतिकिटाचा माणूस मी लांबून ओळखतो. हा खोटं बोलत नव्हता. चेहरा अगदी कोरा. मग ओटा कशाला? कुकर कशाला? काहीच कळेना. प्रतिभाला विचारावं तर, "आबा, पिठल्यात पीठ वरनं भुरभुरायचं आन् ढवळत ऱ्हायचं."

मंगळवार, १८ फेब्रुवारी

दगड बसला. उभा राहून बघितलं. कोपर अगदी बेतशीर. कटाईच्या धुळीनं मात्र घसा धरला, आवाज पार गेला. डॉक्टर म्हणाले, चार दिवस बोलायचं नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

घरात कुणीच बोलत नाही.

आधी वाटलं, माझा आवाज गेला म्हणून मला तसं वाटतंय. मग काल जेवताना बघितलं. हनुमंतला भाकरी हवी होती. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी घशाला हात लावला. भाकरीची दुरडी प्रतिभाच्या मांडीला लागून! तिलाही कळलं होतं. तिनं दुरडी उचलली आणि माझ्यापुढं ठेवली. त्याच्यापुढं नाही. तो अर्ध्या पोटी उठला. आज दिवसभर कान देऊन बसलो. सकाळी नाही, संध्याकाळी नाही. "पाणी तापलंय" सुद्धा नाही.

ही रीत नव्हे. रीत वडीलधाऱ्यांपुरती असते. मी आणि म्हाळसा आमच्या खोलीत कोंबडं आरवेपर्यंत बोलायचो. यांच्या खोलीतून आवाज शेवटचा कधी ऐकला?

प्रतिभानं शिरूरच्या लॅबमध्ये नोकरी धरली तेव्हा हनुमंत चिडला होता. "घरात काय कमी हाय?" म्हणाला होता. पण त्याला दोन दिवाळ्या झाल्या! तेव्हापासून हे असं? आणि मधे मी, निरोप वाहत, मिशीला पीळ देत? गाडीत कोण भांडून चढलंय ते मी तिकीट फाडायच्या आत ओळखायचो. आणि घरात? काखेत कळसा!

पण मग हेही कळत नाही — जी दोघं एकमेकांना भाकरी वाढत नाहीत, ती मला सोडून मिळून जाणार कशी?

रविवार, २३ फेब्रुवारी

प्रतिभा गेली. एकटीच. शिरूरला खोली घेतलीय.

बॅग दारात ठेवून पाया पडली. "आबा, गॅस खालनं बंद करत जावा. दोघांपुरतं रांधाय येतंय आता तुम्हाला." हनुमंत खुर्चीतून उठला नाही. मला म्हणाला, "आबा, तिला म्हणावं, ऱ्हा."

घसा कालच मोकळा झाला होता. पण मी तोंड उघडलं नाही. म्हटलं, आता याच्या तोंडानं येऊ दे. ती चपला घालून उंबऱ्यात थांबली, बराच वेळ. ती त्याच्याकडं बघत होती, तो माझ्याकडं. मग ती गेली.

त्याचा निरोप मी दिला नाही, ते बरोबरच केलं. पण माझाही एक होता की! पोरी, माझ्यासाठी राहा. तो तर मलाच सांगायचा होता, आणि तोही मी सांगितला नाही.