मुंग्या आलेला हात

१७ जून १९८५, सोमवार
शाळा सुरू. यंदा दुसरीचा वर्ग. फळ्यावर तारीख लिहिताना खडू निसटला. उचलला, पुन्हा निसटला. पोरं हसली, मीही हसले. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर. करंगळी मात्र ठणठणीत. बोटं निवडून होणारं हे कसलं दुखणं?
घरी साडी पिळता येईना, बादलीतच सोडली. ताईंनी पाहिलं. पिळून वाळत घातली.
हे गेल्यापासून आम्ही दोघीच. नणंद-भावजय, आणि मधला माणूस नाही. बिल्डिंगमधल्या बायका विचारतात, त्या अजून तुमच्याकडेच? मी म्हणते, त्यांचंच घर आहे. खरं तर गेल्या दोन वर्षांत आम्ही भाजी काय करायची यापलीकडे फार बोललेलो नाही.

२० जून
पहाटे कळ येऊन जाग. मुंग्या, मग विजेसारखं काहीतरी पार कोपरापर्यंत. हात झटकला की जरा सुटतं. ताई चहा टाकत होत्या.
"हात काय झटकत्येस, पाल पडली काय?"
सांगून टाकलं शेवटी. त्या माझ्या हाताकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मग पाट सरकवला. "बस हितं. हात आन इकडं."
तिळाचं तेल, त्यात लसूण आणि ओवा कडकडवलेला. वास घरभर. शाळेत तिसरीच्या बाईंनी विचारलं, आज लसणाची चटणी वाटतं डब्यात?

२४ जून, सोमवार
इथल्याच, वाशीच्या सेक्टरातल्या डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी मनगटावर टिचकी मारली आणि बोटांच्या टोकापर्यंत करंट गेला. ओरडलेच. त्या म्हणाल्या, हेच पाहायचं होतं. मनगटात एक अरुंद बोगदा असतो, त्यातून नस जाते. बोगद्यात सूज आली की नस चेपते. लाटणं, पिळणं, फळ्यावर लिहिणं, सगळं कमी करा. बी-कॉम्प्लेक्स, वर बी-सिक्सची वेगळी गोळी. झोपताना मनगट सरळ राहील अशी पट्टी.
"आणि मालिश?"
"करा की, हलक्या हातानं. बरं वाटेल. पण बोगदा त्यानं रुंद होत नाही हो."
पट्टी म्हणून शाळेतली लाकडी फूटपट्टी, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून. धोतर ह्यांचं. ताईंनीच काढून दिलं ट्रंकेतून.

२९ जून
रोज संध्याकाळी मालिश. शाळेतून आले की पाट मांडलेला असतो. ताईंचा अंगठा जाड, पण बरोबर दुखऱ्या जागी येऊन हलका होतो.
आज आपणहून बोलल्या. गावाकडे रस्त्याचं काम चाललं होतं, त्या खडी फोडायला जायच्या. नवऱ्यानं टाकलेली बाई, वर धाकट्या भावंडांची शाळा. हे, ताईंचा आन्या, तेव्हा लहान. शाळा सुटली की खडीच्या ढिगावर येऊन बसायचे आणि ताईंना पाढे म्हणून दाखवायचे.
"मला कुठं येत होतं बरोबर का चूक. पन चुकला की आन्याचं तोंड कळायचं. मंग मी म्हनायची, परत म्हन."
हे मला ह्यांनी कधी सांगितलं नव्हतं. एकोणतीसचा पाढा ह्यांना झोपेतही यायचा, एवढंच माहीत होतं.

८ जुलै
गोळ्यांनी गुण येईना म्हणून मीच दुप्पट केल्या होत्या. लघवी हळदीसारखी पिवळी. घाबरून गेले दाखवायला. बाई पिवळ्या रंगाला हसल्या, पण दुप्पट ऐकल्यावर चिडल्या. "जीवनसत्त्व म्हणजे खडीसाखर नव्हे. बी-सिक्स फार झालं तर नसांनाच त्रास होतो. मास्तरीण ना तुम्ही?" ताईंना सांगितलं तर पदर तोंडाला लावून हसत बसल्या. त्यांना असं हसताना फार दिवसांनी पाहिलं.

१९ जुलै
दीर, सुरेशभावजी, आले होते कल्याणहून. जाऊबाईंना नोकरी लागली, धाकटं अजून रांगतंय. "आक्काला घेऊन जातो म्हणतो, वहिनी. पोरांजवळ घरचं माणूस बरं. तुमच्या हाताला आराम पडू दे, मग नेतो." वाईट काही बोलले नाहीत. उलट माझ्यासाठी केळी, मोसंबी. बहिणीवर त्यांचाही हक्क आहेच.
ताई म्हणाल्या, "बघू."
मी काहीच का बोलले नाही?

२६ जुलै
उजवा जरा बरा. खडू धरवतो, पण दोन ओळींपुरता. बाकी डाव्यानं लिहिते. माझी डाव्या हाताची अक्षरं आणि पोरांची, दोन्ही सारखीच वाकडी. मोठ्या बाई म्हणाल्या, सध्या तोंडी पाठांतरावर भर द्या. समजूतदार आहेत. पण किती दिवस?

४ ऑगस्ट, रविवार
तळहात भाजला. नीट लिहवत नाही, तरी लिहून ठेवते.
ताईंनी वाटीत बोटं घालून तेल ढवळलं, नेहमीसारखं, आणि माझ्या हातावर ओतलं. कडकडीत होतं. मी किंचाळले, "ताई, तुला कळत नाही का गं!"
त्या वाटी धरून तशाच उभ्या. मी हात नळाखाली धरला आणि त्यांच्या बोटांकडे पाहिलं. लाल झालेली. पण चेहऱ्यावर काही नाही. हात ओढून घेतला. बोटांच्या टोकांना भाजल्याचे डाग, जुने, एकावर एक. इतकी वर्षं एका घरात, ताटाला ताट लावून जेवलो.
"काय लागत नाय मला तिथं," ताई म्हणाल्या.
"कधीपासून?"
"खडी फोडायची तवापासून. आधी मुंग्या यायच्या तुझ्यासारख्या. कळ यायची. मंग मुंग्या पन यायच्या बंद झाल्या. म्हटलं, बरा झाला हात."
"मग माझी मालिश कशी करत होतीस?"
"तुझ्या तोंडाकडं बघून."
का सांगितलं नाहीस, विचारलं. माझ्या हाताला मलम लावायला गेल्या, झाकण फिरवता येईना. तेव्हा, झाकणाशी झटत, "हात गेलेली बाई कुनाला हवी गो? सुरेसला पोरं सांभाळायला हवी. तुला..." आणि थांबल्या.
झाकण मी काढलं. डाव्या हातानं.

६ ऑगस्ट
"परवा मला अगं-तुगं केलंस."
"चुकलं, ताई. दुखलं म्हणून तोंडातून गेलं."
"चुकलं कशाला? तसंच ऱ्हाऊ दे. आन्या तसंच बोलायचा."

१३ ऑगस्ट
शाळेतून अर्धी रजा. ताईला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे. यायला तयार नव्हती, माझा भाजलेला हात दाखवायचा म्हणून नेली. बाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही, तिचा हात हातात घेतला. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा उजव्या हाताला उरलेलाच नाही, खळगा आहे. टाचणी टोचली. ताई छताकडे बघत होती. "टोचलं की सांगा." "टोचा की." टोचून झालं होतं.
बाई हळू बोलल्या. तिला आता गोळ्या-मालिशचा उपयोग नाही. मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन, बोगदा उघडून नस मोकळी करायची. पण इतकी वर्षं चेपलेली नस, स्पर्श परत येईल की नाही, सांगता येत नाही. न केलं तर अंगठ्याचं उरलंसुरलं बळही जाईल.
येताना ताई बसस्टॉपवरच्या बाकावर बसली. खाडीचा वारा, चिखलाचा वास. "जल्म गेला तसल्याच हातावर. आता कापून काय करायचं?"
बस आली. चढलो.

२५ ऑगस्ट, रविवार
दीर आले. ताईनं काही न सांगता हात पुढे केला. "हे बघ. पोर माझ्या हातनं सुटलं तर?" सुरेशभावजी बघत राहिले. त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांची शाळाही त्याच हातांनी झालेली. चहा तसाच निवला.
मग म्हणाले, "म्हणजे वहिनी, तुमच्यावरच सगळं. तुमचाही हात असा. दोघींचं कसं व्हायचं? आक्काला मी नेतो, बसून राहू दे, काम नको. पण तुम्हाला ओझं..."
"ओझं नाही," मी म्हटलं. आवाज शाळेतल्यासारखा मोठा निघाला. "मला हवीय ती. इथंच."
ताई उठून आत गेली. भांड्यांचा उगाच आवाज करत राहिली. भावजींनी मान हलवली आणि खिशातून रुमाल काढला.

८ सप्टेंबर
आता उलटा कारभार. माझी मालिश मी डाव्यानं करते, मग ताईची. तिला हाताचं कळत नाही, पण दंडापर्यंत गेलं की डोळे मिटते. तेल मी कोपरानं तपासते, तान्ह्या बाळाचं पाणी बघतात तसं. ऑपरेशनचा विषय काढला की, "भात लागला बघ." भात कधीच लागलेला नसतो.

२२ सप्टेंबर, रविवार
न्हायल्यावर ताई म्हणाली, बस, डोक्याला तेल लावते. बसले. केसांतून हात फिरत होता, मला पेंग आली. हात थांबला.
"काय झालं?"
"केस हायेत का नाय, तेच कळंना मला. डोळ्याला दिसतात, हाताला नाय."
मी वळले नाही. वळले असते तर दोघी रडलो असतो.
जेवताना, ताटाकडे बघत, "मुंबईला कधी जायचं म्हनालीस?"

१७ ऑक्टोबर, गुरुवार
झालं ऑपरेशन. उजव्या हाताचं. भूल फक्त हाताला, ताई जागी. मी बाहेर बाकावर. पुस्तक नेलं होतं, पहिलं पान संपलं नाही. भावजी कल्याणहून परस्पर आले, माझ्याशेजारी बसून दोरीसारखी पिशवी पिळत राहिले.
बाहेर आली ती तक्रार करतच. "डॉक्टर कापता कापता क्रिकेटचं बोलत होता. म्हटलं, आधी हात बघ, मंग बॅट."
परतताना पुलावरून येणारी बस. बँडेजचा हात वर धरून बसली होती, जणू वर्गात उत्तर येतंय. कंडक्टर म्हणाला, "मावशी, काय पायजे?" ताई म्हणाली, "वाशी."

१ नोव्हेंबर
टाके काढले. तळव्यावर बारीक रेघ. मला वाटलं होतं मोठी जखम असेल. डॉक्टर म्हणाले, नस फार बारीक झाली होती, आता मोकळी आहे. वाट बघा. महिने लागतील. व्रण सुकला की त्यावर हलकी मालिश, आणि रोज डोळे मिटायला लावून कापसानं बोटांना शिवा, विचारा कुठलं बोट ते.
माझा हातही त्यांनी पाहिला. सध्या गोळ्या आणि पट्टीवर चालू द्या, मे महिन्याच्या सुट्टीत पुन्हा दाखवा. तेव्हा कदाचित माझंही ऑपरेशन. ताई लगेच, "मी हाय ना संगती."

१० नोव्हेंबर, रविवार
भावजी, जाऊबाई, पोरं सगळी आली होती. धाकट्याला ताईच्या मांडीवर ठेवलं. तिनं उचललं नाही, नुसतं पायांनी डोलवलं. ते झोपलं. जाऊबाई मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "लागेल का हो कळायला त्यांना?" माहीत नाही म्हटलं. खरंच नाही माहीत.
कापसाची परीक्षा: करंगळी बरोबर. बाकी बोटांना ताई अंदाजे ठोकते. अंगठ्याला शिवले, "मधलं." मधल्याला शिवले, "अंगठा?" नापास म्हटलं. म्हणाली, "मास्तरीण, पुढच्या वर्गात घाल तशीच."

२४ नोव्हेंबर, रविवार
सकाळी गॅलरीत ऊन. दोघी चटईवर. तळोज्याकडून कारखान्यांचा वास येत होता, ताई नाक मुरडत होती. व्रणावर मालिश झाली, तेल पुसलं, डोळे मीट म्हटलं. मिटले.
करंगळी. "करंगळी." बरोबर.
अंगठा. काही नाही.
मग मधल्या बोटाच्या टोकाला कापूस टेकवला. हलवला नाही. ताईनं तोंड उघडलं, नेहमीसारखा अंदाज फेकणार होती. फेकला नाही. कपाळाला आठी पडली. मी विचारलं, "कळतंय काही?"
"गप. बोलू नको."
खाली भाजीवाला ओरडत होता, तोही पुढे गेला. ताईचे डोळे मिटलेलेच. पापण्यांखाली बुबुळं हलत होती, काहीतरी शोधत असल्यासारखी.
"काढू का कापूस?"
"काढू नको गो. थांब जरा. बघते."